बार्शी लाईटची माणसं: सोलापूरच्या रेलप्रेमी मेळाव्यात

शुक्रवार

मेळावा सोलापुरात असला तरी रेलप्रेमींसाठी तो पुण्याच्या फलाटावरच सुरू होतो. डब्यात चढण्याआधी माझा नववीतला भाचा पळत इंजिनापर्यंत गेला आणि नंबर वहीत टिपून आला. त्याच्या मागोमाग आणखी दोन मुलं तोच नंबर टिपून आली. तिघांनी एकमेकांच्या वह्या पाहिल्या आणि दौंड यायच्या आत ती दोघं आमच्या समोरच्या बाकावर येऊन बसली. डब्ल्यूएपी-७, ६,३५० अश्वशक्ती, कुठल्या शेडचं, मागच्या वेळी कुठल्या गाडीला लागलेलं, असं बोलणं एकदा सुरू झालं की ही मुलं खाणंपिणं विसरतात. मला ते ऐकायला मनापासून आवडतं.

मी इतिहास शिकवते. माझा ओढा इंजिनांपेक्षा जुन्या मार्गांकडे आणि त्यातही बार्शी लाईटकडे. कुर्डुवाडीहून एका बाजूला बार्शी-लातूर आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूर-मिरज अशी पूर्वी धावणारी ही अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेली, छोटी गाडी. मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘बार्शी लाईट : कामगारांच्या आठवणी’ असा दीड तास ठेवला होता. त्या मार्गावर नोकरी केलेली निवृत्त माणसं बोलणार होती. आम्ही निघालो ते त्या दीड तासासाठी.

भिगवणनंतर उजनीचं पाणी लागलं, जेऊर गेलं, कुंकवाचं केम गेलं. कुर्डुवाडीला मी दारात उभी राहिले. या स्टेशनचं मूळ नाव बार्शी रोड. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं पुण्यापासून इथवरचा मार्ग १८५९ मध्ये सुरू केला आणि १८६० मध्ये तो मोहोळवरून सोलापूरला नेला. बोरघाटातून गाडी जायला तेव्हा अजून अवकाश होता. म्हणजे मुंबईशी सलग रूळ जोडले जायच्या आधीच सोलापूर रेल्वेवर आलेलं होतं. बार्शी मात्र बाजूला राहिली. एवढी मोठी बाजारपेठ, कापसाचा एवढा व्यापार, आणि माल बैलगाड्यांनी बार्शी रोडपर्यंत आणायचा. तिथून ही छोटी गाडी जन्माला आली.

मोहोळ मागे पडलं, सीना ओलांडली, पाकणी आणि बाळे गेलं आणि सोलापूर आलं. तिथं पहिला धक्का बसला. स्टेशनजवळच्या ज्या लॉजवर महिनाभर आधी पैसे भरून खोली ठेवली होती, तिथल्या माणसानं वही उघडून ‘तुमची खोली दिली गेली’ एवढंच सांगितलं. सिद्धेश्वराच्या यात्रेचे मुख्य दिवस होऊन गेले होते, पण होम मैदानावरचा गड्डा चालूच होता. गावोगावची माणसं पाळणे, खेळणी, भांडीकुंडी बघायला आलेली. आम्ही आणखी चार ठिकाणी विचारलं. रात्र पडायला आली, भाच्याचा चेहरा उतरला, आणि परत जाणारी गाडी पकडावी का असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात डब्यात भेटलेल्या मुलांपैकी एकाचा फोन आला. त्याच्या ओळखीचे एक स्थानिक रेलप्रेमी पूर्व भागात राहतात, त्यांच्याकडे चला म्हणाला. आम्ही संकोचत गेलो. घर पद्मशाली विणकरांचं. आपसात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि दारावर आलेल्या दूधवाल्याशी कन्नड. घरामागे यंत्रमागांची शेड. घरातल्या वहिनींनी काही न विचारता पानं वाढली. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल, कांदा आणि आमटी. ‘ताई, लाजू नका बगा, गड्ड्याच्या दिवसात सोलापुरात कुणाच्या घरी पाव्हणा नसतो असं न्हाई,’ असं त्या म्हणाल्या आणि आम्हाला अंथरायला आपल्याच मागावरच्या चादरी काढून दिल्या.

शनिवार

मेळावा रेल्वे लाईन्स भागातल्या एका मंगल कार्यालयात होता. नऊला नोंदणी म्हटलेलं, टेबल मांडलं गेलं साडेदहाला. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आली होती. हुबळी, गुलबर्गा, नांदेड, मिरज, कुठून कुठून. गळ्यात कॅमेरे, पाठीला सॅक, आणि सगळे एकमेकांना टोपणनावानं ओळखणारे. वर्षानुवर्षं फोटोंखाली एकमेकांची नावं वाचलेली माणसं पहिल्यांदा समोरासमोर येत होती. ‘अरे, तो केमच्या वळणावरचा फोटो तुझाच ना?’ असं म्हणत दोघं पन्नाशीचे गृहस्थ अक्षरशः गळ्यात पडले. रांगेतले दोन तास त्यामुळे जड गेले नाहीत.

आत शिरल्यावर मात्र मन भरून आलं. एका टेबलावर जुनी पुठ्ठ्याची तिकिटं होती, एडमन्सन पद्धतीची, बोटभर उंचीची. कुर्डुवाडी ते पंढरपूर, बार्शी टाऊन ते येडशी. संग्राहकानं ती कापडी पाकिटांत ठेवली होती आणि प्रत्येकाला हातात घेऊन बघू देत होता. दुसऱ्या टेबलावर नीलच्या यंत्रातला लोखंडी गोळा. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी म्हणून ड्रायव्हरला हा गोळा दिला जायचा. तो हातात नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. पुढच्या स्टेशनात तो यंत्रात टाकल्याशिवाय मागून दुसरा गोळा निघतच नाही. मुलांनी तो हातात घेऊन तोलून बघितला. पडद्यावरच्या शंभर चित्रांनी जे कळलं नसतं ते त्या गोळ्याच्या वजनानं कळलं.

आणि मग ते मॉडेल. मिरजेच्या बाजूचे एक इंजिनिअर, त्यांनी बार्शी लाईटचं एक वाफेचं इंजिन आणि तीन डबे बनवून आणले होते. त्यांच्यासमोर मी तास घालवला असेन. छोट्या गाड्यांचं मॉडेल करणाऱ्यापुढचा मोठा प्रश्न म्हणजे रूळ. बाजारात रूळ मिळतात ते मोठ्या गेजच्या मॉडेलांचे, १६.५ मिलिमीटरचे. बार्शी लाईटचं गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर तीस इंच. ते १:४८ या प्रमाणात बनवलं की रूळ येतो जेमतेम सोळा मिलिमीटरचा. त्यामुळे बाजारातलाच रूळ त्याला चालतो आणि वर गाडी मात्र चांगली हातभर, तपशील दिसतील अशी होते. हे गणित सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. जगभरात तीस इंची गाड्यांची मॉडेलं करणारे लोक हाच मार्ग धरतात. डब्यांच्या खिडक्या त्यांनी सुट्या कापून बसवल्या होत्या, छपराला जुनाट रंगाचा थर दिला होता.

मॉडेलच्या मागे एक तक्ता होता, त्यातला इतिहास मला थोडाफार माहीत होता, पण तो इतक्या नेटकेपणानं मांडलेला पहिल्यांदा पाहिला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर, आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या नोकरीत. त्यानं १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन अशी २१ मैलांची गाडी सुरू केली. त्याची खरी कल्पना भाराची होती. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघिण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. एकदा ते ठरलं की हलका, स्वस्त रूळ सगळ्या मार्गाला पुरतो. त्यानं वापरला तो रूळ यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आजच्या मुख्य मार्गांवरचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधली, आणि त्यांचा भार सहा आसांवर वाटून दिला होता. ही सगळी गाडी भारतात पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून तिची चाचणी झाली होती. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. बार्शीवर जमलेली रचना कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातल्या गाडीला वापरली. ती सुरू झाली १९०४ मध्ये. इंग्लंडात शिकून इथं आणलेलं पुष्कळ आपण वाचतो, बार्शीच्या माळावर सिद्ध झालेलं इंग्लंडात गेलं हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

दुपारपासून गाडं घसरायला लागलं. मुख्य वक्ता लांबून आलेला, वेगवान गाड्यांवरच्या त्याच्या चित्रफिती मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली तेव्हापासूनचं त्याचं चित्रण होतं आणि ते खरोखर उत्तम होतं. पण सभागृहाची क्षमता संपून माणसं खिडक्यांत उभी, त्यात ध्वनियंत्रणा दोनदा बंद पडली, वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला अर्धा तास. एका तासाचं भाषण अडीच तासांवर गेलं. सह्या आणि फोटोंसाठी पुन्हा झुंबड. मागच्या दाराशी एक लहान मूल रडायला लागलं, त्याची आई चिडून निघून गेली. जेवणाची कूपनं संपली होती, मुलांनी वडापाववर भागवलं.

या सगळ्या वेळात शेवटच्या रांगेत तीन म्हातारे बसून होते. धुवट सदरे, डोक्यावर टोपी, छातीला मेळाव्याचे बिल्ले. सकाळी दहापासून तिथंच. मी जाऊन विचारलं. एक वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागलेले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, एक रुळांच्या गँगचे मुकादम, एक बार्शी मार्गावरच्या स्टेशनांत मास्तर म्हणून राहिलेले. तिघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे. मास्तर म्हणाले, ‘आमचा नंबर साडेतीनला होता. आता किती वाजले ओ?’ सहाला पाच मिनिटं कमी होती.

सहानंतर त्यांना व्यासपीठावर बोलावलं गेलं आणि सांगितलं गेलं, ‘प्रत्येकी तीन मिनिटं.’ निम्मं सभागृह उठून गेलं होतं. ड्रायव्हर आजोबा उभे राहिले, ‘मी नोकरीला लागलो तेव्हा’ इतकं म्हणाले आणि खुर्च्या उचलणाऱ्या पोरांचा आवाज सुरू झाला. मुकादम तर बोललेच नाहीत, नुसता नमस्कार करून खाली आले. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला, संपलं.

मला याचा फार त्रास झाला आणि तो मी आयोजकांपाशी बोलूनही दाखवला. वेगवान गाडी उद्याही धावणार आहे, परवाही. तिचं चित्रण कुणीही, कधीही करू शकेल. पण बार्शी लाईटच्या वाफेच्या इंजिनात कोळसा ओतलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्या हाताला जे ठाऊक आहे ते कुठल्याही वहीत नाही, कुठल्या दप्तरातही नाही. चाहते म्हणून आपण नंबर, तारखा, रंग यांची इतकी काळजी घेतो, आणि ज्यांनी ती गाडी चालवली ते आपल्याच सभागृहात आठ तास बसून गप्प परत जातात, हे बरोबर नाही. आयोजक तरुण होते, दिवसभर पळून थकलेले. त्यांनी वाद घातला नाही. एकजण नुसता म्हणाला, ‘मॅडम, उद्याचा हॉल फक्त दुपारपर्यंत आहे. जागा असेल तर संध्याकाळी आम्ही सगळे येतो.’

जागा आमच्या यजमानांनी दिली. त्यांनी तिथंच तिन्ही आजोबांना हात जोडून सांगितलं, ‘उद्या संध्याकाळी आमच्या मागावर या. घड्याळ न्हाई तिथं.’

रविवार

सोलापूरहून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या दोन्ही मोठ्या गाड्या, वंदे भारत आणि हुतात्मा, जानेवारीत उजाडायच्या आतच सुटतात. त्यामुळे फोटोवाल्यांची पहाट अंधारात. फलाटावर कॅमेरा काढायला परवानगी लागते म्हणून सगळे रेल्वेहद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेला थंडीत कुडकुडत. पांढरी गाडी गेली, पाठोपाठ हुतात्मा गेली. ज्यांच्या स्मरणार्थ या गाडीला हे नाव मिळालं त्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना १९३१ च्या १२ जानेवारीला येरवड्यात फाशी झाली. ती तारीख या मेळाव्याच्या काही दिवस आधीच येऊन गेली होती. मी मुलांना चौघांची नावं सांगितली. त्यांना गाडीचा नंबर तोंडपाठ होता, नावं पहिल्यांदा ऐकली. भाच्यानं ती वहीत नंबराच्या शेजारी लिहून घेतली.

मग होटगी. सोलापूरपासून पंधराएक किलोमीटर. इथून गदगकडे पूर्वी मीटर गेज फुटायचं, आता ब्रॉड गेज आहे. कोळशाच्या मालगाड्या औष्णिक वीज केंद्राकडे वळतात, सिमेंटच्या गाड्या असतात, त्यामुळे सकाळभर काही ना काही येत राहतं. ‘येऊलालीय बे, येऊलालीय!’ अशी आरोळी उठली की वीस-पंचवीस कॅमेरे एका दिशेला. नंतर ऊन चढलं, दोन तास एकही गाडी नाही, पाण्याच्या बाटल्या संपल्या, आणि कुणीतरी रुळांच्या फार जवळ गेला म्हणून पोलिसानं सगळ्यांनाच हुसकावलं. पोलिसाचं बरोबर होतं. छंदापायी रुळावर जाणाऱ्यांनी या मेळाव्यांचं नाव खराब केलं आहे आणि त्यांना आपणच अडवलं पाहिजे.

संध्याकाळचं सांगायचं तर सावकाश सांगायला हवं.

यजमानांनी माग बंद ठेवले होते. शेडमध्ये सतरंज्या, मध्ये एक टेबल, वर एकच दिवा. आयोजक शब्द पाळून आले. कालचा मुख्य वक्ताही आला, आणि आपल्याबरोबर चांगला माईक आणि ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन आला. कालच्या गर्दीत त्याला मागे काय झालं हे कळलंच नव्हतं. त्यानं तिन्ही आजोबांच्या सदऱ्याला स्वतः माईक लावले आणि खाली सतरंजीवर बसला. चाळीसेक माणसं असतील. मिरजेच्या इंजिनिअरनी मॉडेल टेबलावर ठेवलं.

सुरुवात त्या मॉडेलनंच झाली. ड्रायव्हर आजोबा उठून टेबलापाशी गेले, वाकून बराच वेळ बघत राहिले. मग बोट न लावता म्हणाले, ‘लई झ्याक केलंय. पण आमच्या इंजिनाला कोळसा ठेवायच्या जागेवर फळ्या लावलेल्या असायच्या. लांबचा पल्ला असला की कोळसा पुरायचा न्हाई, मग फळ्या लावून उंची वाढवायची आन् वर रचायचं. आन् ही वाळूची पेटी, हिची नळी चाकापासनं एवढी लांब नको. चाक आन् रूळ भेटतो तिथंच वाळू पडली पायजे, न्हाईतर काय उपेग?’ इंजिनिअरनी खिशातून पेन्सिल काढून मॉडेलच्या पुठ्ठ्यावरच खुणा केल्या. त्यांनी ज्या छायाचित्रांवरून काम केलं होतं ती सगळी दुसऱ्या बाजूनं घेतलेली होती.

वाळूवरून रामलिंगचा घाट निघाला. येडशीच्या बाजूला चढ आणि वळणं. हिवाळ्याच्या पहाटे रुळावर दव साचलं की चाकं जागच्या जागी फिरायची. ‘तवा ड्रायव्हर दम धरून, आन् फायरमननं आधीच आग तयार ठेवलेली पायजे. चढ लागल्यावर कोळसा टाकला तर धूर होतो, वाफ होत न्हाई. चढाच्या आधी टाकायचा. थोडा थोडा, पसरून. ढीग घातला की आग बसली.’ भाच्यानं विचारलं, किती आधी? आजोबांनी मैल सांगितले नाहीत, एका ओढ्याचं आणि एका वडाचं नाव सांगितलं. वड दिसला की फावडं हातात घ्यायचं. माझ्या अंगावर काटा आला. ही माहिती कुठल्या नियमपुस्तकात सापडणार?

मुकादम आधी बोलतच नव्हते. मग एका मुलीनं विचारलं, ‘आजोबा, पावसाळ्यात तुम्ही काय करायचा?’ आणि त्यांची वाचा मोकळी झाली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरचे रूळ हलके. रात्री पाऊस झाला की पहाटे गाडीच्या आधी कंदील घेऊन हद्द चालायची. रूळ वाकला आहे का हे डोळे रुळाच्या पातळीला आणून बघायचं. त्यांनी सतरंजीवर आडवं होऊन, एक डोळा मिटून ते करून दाखवलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. कुणी हललं नाही.

मास्तरांनी वारी सांगितली. आषाढीला पंढरपूरकडे जाणारी गाडी आली की गाडी दिसायचीच नाही, नुसती माणसं दिसायची. टपावर, दारात, दोन डब्यांच्या मध्ये. ‘तिकीट विचारायचं कुणाला? मी फलाटावर उभा राहून एवढंच ओरडायचो, माउली, पुढं फांदी आहे, डोकी खाली!’ सगळी टपावरची माणसं एकदम वाकायची आणि विठ्ठलाचा गजर करायची. १९५४ मध्ये कंपनीकडून गाडी सरकारकडे आली तेव्हाच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकलेल्या, त्याही त्यांनी सांगितल्या. ऐकीव कुठलं आणि पाहिलेलं कुठलं हे ते दर वेळी वेगळं सांगत होते. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

मध्ये वहिनींनी चहा आणला, नंतर धपाटे आणि दही. साडेदहाला मुकादमांचा मुलगा त्यांना न्यायला आला तर ते म्हणाले, ‘थांब की जरा, अजून पूल राहिलाय.’ पुलाचं झाल्यावरच ते उठले.

सोमवार

बहुतेक मंडळी रात्रीच पांगली होती. आम्ही, मॉडेलवाले इंजिनिअर आणि ड्रायव्हर आजोबा असे कुर्डुवाडीला उतरून लातूरकडच्या गाडीनं बार्शीला गेलो. जुना छोटा मार्ग या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं ब्रॉड गेज झाला. आधी पंढरपूरचा फाटा, मग लातूरचा, शेवटी मिरजेचा. आता धाराशिवही (तेव्हाचं उस्मानाबाद) मुख्य वाटेवर आलं, जे पूर्वी छोट्या गाडीच्या वाटेत नव्हतं. तिथल्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मागणी केली होती आणि त्यांचं भलं झालं. आजोबांनाही तसंच वाटतं. ‘आमची गाडी सावकाश होती. आजारी माणसाला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं तर दिवस जायचा. ही गाडी बरी.’ छोट्या गाडीवर प्रेम करणाऱ्या आम्हा मंडळींनी हे त्यांच्याकडून ऐकायला हवं होतं.

शेंद्रीच्या पुढे आजोबांनी खिडकीतून बोट दाखवायला सुरुवात केली. बाभळींच्या मधून जाणारा, कुठं कुठं शेतानं खाल्लेला मातीचा अरुंद भराव. मध्येच एका ओढ्यात दगडी खांब, वर काही नाही. ‘ते बघा, तिथनं जायचो आम्ही.’ इंजिनिअर जागा टिपत होते, भाचा गाडीच्या किलोमीटरच्या दगडांवरून अंतर लिहीत होता. एका ठिकाणी आजोबा गप्प झाले आणि लगेच म्हणाले, ‘हितं वड होता.’ भाच्यानं तेही लिहिलं.

बार्शीत भगवंताच्या देवळात गेलो, आणि आजोबांच्या भाच्याच्या शेतावर हुरड्याला. मालदांडीची कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली, गरम गरम हातावर चोळून दिलेली, बरोबर शेंगाचटणी आणि गूळ. तिथं बसून मी आणि इंजिनिअरनी पुढच्या कामाची आखणी केली. प्रत्येक माणसाचं ध्वनिमुद्रण वेगळं ठेवायचं. त्यांनी सांगितलेली गावं, ओढे, वळणं नकाशावर उतरवायची. शक्य तिथं त्यांनाच बरोबर घेऊन जागेवर जायचं, कारण खोलीत बसून जे आठवत नाही ते जागा दिसली की आठवतं, हे आज सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं. आयोजकांनीही सकाळीच कळवलं की पुढच्या मेळाव्यात पहिलं सत्र या माणसांचं राहील, सकाळी, सगळे ताजे असताना. त्यांनी ते करावं म्हणून मी त्यांच्या मागे लागणार आहे.

आजोबांना पोचवायला त्यांचे नातेवाईक होते. निघताना त्यांनी एका जुन्या सोबत्याचा नंबर दिला. मिरज फाट्यावर गार्ड होते, आता मिरजेतच मुलाकडे असतात, कानानं थोडं कमी ऐकतात, पण डोकं लखलखीत. कुर्डुवाडीच्या फलाटावरून भाच्यानंच फोन लावला. आपण कोण, कशासाठी बोलतोय हे त्यानं मोठ्यानं, सावकाश, नीट सांगितलं. पलीकडून आधी तीन-चार प्रश्न आले, ड्रायव्हरचं नाव काय म्हणाला, तो अजून तंबाखू खातो का. मग ते म्हणाले, ‘येत्या रविवारी ये. पण सकाळी ये, बाळ, दुपारी मला झोप लागते. आणि लिहायला मोठी वही आण.’

पुण्याची गाडी यायला चाळीस मिनिटं होती. आम्ही तेवढ्यात मिरजेची तिकिटं काढून टाकली.